विश्लेषण : सपाट फोटोत खोली येते कुठून? डेव्हिड मार यांनी ३५ वर्षांच्या आयुष्यात काय शोधले?

मोबाइलवर एखाद्याचा फोटो काढला की मागचे झाड, भिंत, रस्ता आपोआप धूसर होतो आणि चेहरा तेवढा ठसठशीत राहतो. फोनला मागच्या बाजूस एकच भिंग असले तरी हे जमते. म्हणजे जवळचे काय आणि लांबचे काय, याचा अंदाज त्या यंत्राने एकाच सपाट चित्रावरून बांधलेला असतो. फोटोत लांबी असते, रुंदी असते, खोली नसते. मग ती येते कुठून? हा प्रश्न नीट कसा विचारायचा, हे ज्यांनी संगणकशास्त्राला आणि मेंदूविज्ञानाला शिकवले, ते डेव्हिड मार १७ नोव्हेंबर १९८० रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेले. त्यांचे सर्वात महत्त्वाचे पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी छापून आले. त्या पुस्तकातली बरीच उत्तरे आज चुकीची किंवा अपुरी ठरली आहेत. तरीही संगणकीय दृष्टीच्या क्षेत्रातला सर्वात मानाचा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

एका चित्रातून आकार ओळखणे इतके अवघड का?

कॅमेऱ्यात काय घडते ते आधी पाहू. समोरच्या वस्तूवरून निघालेला प्रकाशकिरण भिंगातून आत येतो आणि पडद्यावर एका ठिकाणी टेकतो. तो कोणत्या दिशेने आला हे त्या ठिकाणावरून कळते. किती अंतरावरून आला हे कळत नाही. चित्रात वर्तुळ दिसले तर तो चेंडू असू शकतो, समोर धरलेली थाळी असू शकते, किंवा तिरपी धरलेली लंबगोल चकतीही असू शकते. जवळची लहान मोटार आणि लांबची मोठी मोटार फोटोत सारखीच जागा व्यापतात. गणिताच्या भाषेत, एका चित्राशी जुळणारे त्रिमितीय आकार अगणित असतात. दोन संख्यांची बेरीज १० आहे, तर त्या संख्या कोणत्या, असे विचारण्यासारखेच हे आहे. आणखी एखादी अट घातल्याशिवाय उत्तर निघत नाही.

तरीही तीन वर्षांचे मूल चित्रातला हत्ती ओळखते. दृष्टिपटलावर पडणारे चित्रही सपाटच असते. दोन डोळ्यांतल्या चित्रांमधला बारीक फरक आपल्या मदतीला येतो हे खरे. पण एक डोळा झाकला म्हणून जग कागदासारखे सपाट होत नाही. तेव्हा ती जास्तीची अट आपण कुठून तरी आणतोच. ती कोणती आणि तिच्यावर किती भरवसा ठेवता येतो, हे शोधणे हे मार यांच्या अखेरच्या सात वर्षांचे काम होते.

गणिताचा विद्यार्थी मेंदूकडे कसा वळला?

डेव्हिड मार यांचा जन्म १९ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या वुडफर्ड येथे झाला. रग्बी या शाळेत शिकून १९६३ मध्ये ते शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे १९६६ मध्ये त्यांनी गणितातली पदवी प्रथम श्रेणीत मिळवली. यापुढे गणितातच संशोधन करायचे, ही सरळ वाट होती. मार यांनी ती सोडली आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांच्या मार्गदर्शनाखाली मेंदूचा सैद्धांतिक अभ्यास सुरू केला.

पुढच्या तीन वर्षांत त्यांनी जे लिहिले ते आजही थक्क करते. १९६९ मध्ये लहान मेंदूवर, १९७० मध्ये मोठ्या मेंदूच्या बाह्यस्तरावर आणि १९७१ मध्ये स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागावर, असे तीन दीर्घ प्रबंध त्यांनी प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत स्वतः फारसे प्रयोग न करता, इतरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काढलेल्या पेशींच्या जोडण्यांचे नकाशे समोर ठेवायचे आणि ही रचना नेमके काय काम करू शकेल हे गणिताने काढायचे, अशी त्यांची पद्धत होती. लहान मेंदूत हालचाली शिकल्या जातात आणि ते शिकणे एका विशिष्ट प्रकारच्या चेतापेशींच्या जोडांमध्ये बदल होऊन घडते, असे भाकीत त्यांनी वयाच्या २४ व्या वर्षी केले. जपानचे मासाओ इतो यांनी १९८२ मध्ये तो बदल प्रत्यक्ष दाखवला. मात्र मार यांनी जोड बळकट होतो असे म्हटले होते. प्रत्यक्षात तो कमकुवत होतो असे निघाले. अमेरिकी अभियंते जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या सिद्धांतात ही दिशा बरोबर होती. जागा अचूक, दिशा उलटी. मार यांच्या पुढच्या कामातही असे पुन्हा घडलेले दिसेल.

केंब्रिजमध्ये त्या काळी रेणूजीवशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे जगातल्या बुद्धिमंतांचा अड्डा होता. सिडनी ब्रेनर आणि फ्रान्सिस क्रिक तिथे होते, आणि मार त्यांच्यासोबत काम करू लागले. पुढे सगळे सुरळीत चालले असते तर मेंदूच्या एकेका भागाचे सिद्धांत लिहीत त्यांनी आयुष्य काढले असते. पण या पद्धतीबद्दल त्यांचे स्वतःचेच समाधान होईना.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हॉरेस बार्लो, डेव्हिड ह्यूबेल, टॉर्स्टन विझेल यांच्या प्रयोगांनी १९५० आणि ६० च्या दशकांत खळबळ उडवली होती. बेडकाच्या डोळ्यात माशीसारखा लहान हलता ठिपका आला की चेतवणाऱ्या पेशी सापडल्या. मांजराच्या मेंदूत ठरावीक कोनातली रेघ दिसली की चेतवणाऱ्या पेशी सापडल्या. एकेक पेशी तपासत गेले की पाहण्याचे कोडे सुटेल, असे वाटत होते. ७० चे दशक उजाडले तेव्हा हा वेग मंदावला. मार यांच्या लक्षात आले की पेशी काय करते याचे वर्णन म्हणजे ती ते का करते याचे स्पष्टीकरण नव्हे. पक्षी कसा उडतो हे कळण्यासाठी केवळ पिसे तपासून चालत नाही, आधी हवेत तरंगण्याचे शास्त्र लागते. मग पिसांचा आकार तसा का, हे कळते. पाहण्याच्या बाबतीत हवेत तरंगण्याचे शास्त्र अजून कुणी लिहिलेच नव्हते.

अमेरिकेत ते कशासाठी गेले?

मे १९७२ मध्ये बोस्टनला झालेल्या एका छोट्या परिषदेत मार यांची मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांच्याशी गाठ पडली. हे दोघे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचे आधारस्तंभ. त्यांच्या निमंत्रणावरून मार १९७३ मध्ये तिथे गेले. मुक्काम थोड्या काळाचा ठरला होता. ते परतले नाहीत.

या प्रयोगशाळेत यंत्राला पाहायला शिकवण्याचे प्रयत्न दशकभर चालू होते. लॅरी रॉबर्ट्स यांनी १९६३ च्या आपल्या प्रबंधात एका फोटोवरून लाकडी ठोकळ्यांचे त्रिमितीय आकार काढून दाखवले होते. (पुढे इंटरनेटचा पूर्वज असलेले अर्पानेट उभारणारे रॉबर्ट्स ते हेच.) त्यांची युक्ती सोपी होती. जगात घन, पाचर आणि षटकोनी लोलक एवढेच मूळ आकार आहेत, आणि प्रत्येक वस्तू कशावर तरी टेकलेली आहे, असे त्यांनी गृहीत धरले. एवढ्या अटी घातल्या की अगणित उत्तरांतून एक निवडता येते. १९६६ च्या उन्हाळ्यात तर पॅपर्ट यांनी सुटीतल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून दृष्टियंत्रणेचा मोठा भाग उभा करण्याची योजना आखली होती. अर्थातच तो उन्हाळा पुरला नाही. आता साठ वर्षे होत आली.

ठोकळ्यांच्या जगात यश मिळत होते; पण चहाचा कप, हात किंवा झाड समोर आले की सगळे कोलमडत होते. मग काहींनी उलट वाट धरली : यंत्राला आधीच जगाची माहिती द्या. टेबलाच्या उंचीवर काळा डाग दिसला तर तो बहुधा टेलिफोन समजावा, अशा धर्तीचे तर्क कार्यक्रमांत घातले जात. मार यांना हे पटत नव्हते. कधी न पाहिलेली वस्तूही तिचा आकार कळण्याइतकी आपल्याला दिसतेच. मग आकार कळण्यासाठी नाव आधी माहीत असावे लागते, असे कसे म्हणायचे?

त्यांना आवडलेले काम वेगळे होते. त्याच प्रयोगशाळेतले बर्टहोल्ड हॉर्न यांनी १९७० मध्ये, गुळगुळीत पृष्ठभागावरच्या छटांमधल्या बदलावरून त्या पृष्ठभागाचा उतार गणिताने काढता येतो, हे दाखवले होते. त्यात प्रकाश कसा पडतो, परावर्तित कसा होतो, याचे भौतिकशास्त्र होते. टेलिफोनची गोष्ट नव्हती.

रुग्णांच्या एका गोष्टीने काय बदलले?

याच सुमारास मार यांनी ब्रिटिश मेंदूमानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ वॉरिंग्टन यांचे व्याख्यान ऐकले. मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूच्या पार्श्विका खंडाला इजा झालेल्या रुग्णांवर वॉरिंग्टन काम करत. उजव्या बाजूला इजा झालेल्यांना बादली बाजूने दाखवली तर ओळखू येई. तीच बादली वरून दाखवली, की नुसती दोन वर्तुळे दिसत. तेव्हा ही बादली आहे हे सांगूनही ते मान्य करत नसत. डाव्या बाजूला इजा झालेल्यांची गत उलटी. त्यांना वस्तूचे नाव सांगता येत नसे, ती कशासाठी वापरतात हेही सांगता येत नसे. पण तिचा आकार मात्र, अवघड कोनातून पाहिली तरी, बरोबर कळलेला असे.

मार यांनी यातून जो निष्कर्ष काढला, त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे. वस्तूचा आकार आणि वस्तूची ओळख मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी साठवल्या जातात, आणि डोळ्यांचे काम आकारापर्यंत आणून सोडण्याचे आहे. नाव, उपयोग, आठवण हे नंतरचे.

‘अडीच मिती’ म्हणजे काय?

मार यांनी पाहण्याची प्रक्रिया पायऱ्यांत मांडली. पहिल्या पायरीला चित्रातल्या उजेड-अंधारात जिथे झपाट्याने बदल होतो अशा जागा शोधायच्या : कडा, रेघा, ठिपके. हे झाले प्राथमिक रेखाटन. एलन हिल्ड्रेथ या विद्यार्थिनीसोबत त्यांनी यासाठी बसवलेली पद्धत १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. चित्र आधी थोडे धूसर करायचे आणि मग बदलाच्या वेगाचा बदल जिथे शून्य ओलांडतो तिथे कड मानायची, असे तिचे सूत्र. जॉन कॅनी यांच्या पद्धतीने पुढे तिला मागे टाकले, पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मार-हिल्ड्रेथ हे जोडनाव प्रतिमा-प्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकात अजून भेटते.

दुसरी पायरी सर्वात प्रसिद्ध. कडा, छटा, पोत, हालचाल, दोन डोळ्यांतला फरक यांपैकी जे मिळेल त्यावरून दिसणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागाचा कल आणि साधारण अंतर काढायचे. भिंत सरळ आहे, टेबल तिरपे आहे, चेंडू मध्ये फुगलेला आहे. हे नुसते सपाट चित्र राहिले नाही, पण वस्तूचा पूर्ण आकारही नाही. कारण मागची बाजू दिसतच नाही, आणि सगळे काही पाहणारा उभा आहे तिथून मोजलेले आहे. दोन मितींपेक्षा जास्त, तीनपेक्षा कमी. म्हणून अडीच. शब्द गमतीचा वाटला तरी कल्पना काटेकोर आहे.

तिसऱ्या पायरीला पाहणाऱ्याची जागा सोडून द्यायची आणि वस्तूचे वर्णन वस्तूच्याच अक्षावरून करायचे. घोडा समोरून पाहिला, बाजूने पाहिला तरी घोडाच राहायला हवा. त्यासाठी त्याचे वर्णन पाहणाऱ्यावर अवलंबून असून चालणार नाही. कीथ निशिहारा यांच्यासोबत १९७८ मध्ये लिहिलेल्या लेखात मार यांनी प्राणी दाखवले ते पाइप साफ करण्याच्या वाकवता येणाऱ्या काड्यांचे. चार-सहा काड्या वाकवून केलेला शहामृग आणि जिराफ कुणालाही वेगळे ओळखता येतात. त्यात ना कातडी, ना रंग, ना चेहरा. म्हणजे आकाराचा गाभा भागांच्या अक्षांमध्ये आणि त्यांच्या परस्परांशी असलेल्या मांडणीत असावा. माणूस म्हणजे आधी एक उभा दंडगोल. जवळून पाहिले तर धड, डोके, हात, पाय. हात घेतला तर दंड, मनगटापर्यंतचा भाग, पंजा. पंजा घेतला तर बोटे. प्रत्येक टप्प्यावर तेवढेच तपशील.

भिंतीवरच्या सावलीत आकार कसा दिसतो?

एका चित्रातून आकार ओळखण्याच्या दृष्टीने मार यांचा सर्वात धाडसी लेख मात्र १९७७ चा आहे. त्याचा विषय निव्वळ बाह्यरेषा. पिकासोच्या ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या चित्रात काळ्या छायाकृती तेवढ्या आहेत : नाचणारे, वाद्य वाजवणारे, एक बोकड. छटा नाही, पोत नाही. तरी आपल्याला सपाट काळे डाग दिसत नाहीत. भरीव शरीरे दिसतात. भिंतीवरच्या सावलीत आपण हाताने हरीण करतो तेव्हाही हेच घडते. तशी सावली पाडणारे आकार अगणित आहेत. त्यांतला एकच, आणि सगळ्यांना तोच, का सुचतो?

मार यांचे उत्तर असे, की आपण नकळत काही गोष्टी धरून चालतो. रेषेवरचा प्रत्येक बिंदू वस्तूवरच्या एकाच बिंदूपासून आलेला आहे. रेषेवर शेजारी असलेले बिंदू वस्तूवरही शेजारीच आहेत. आणि वस्तूवर जिथून ही कड तयार होते ते सगळे बिंदू एकाच प्रतलात आहेत. यांत तिसरे गृहीतक सर्वात कडक. हे तिन्ही मानले आणि पाहण्याची जागा एका प्रतलात कुठेही हलवली तरी ते खरे राहिले, तर समोरचा गुळगुळीत पृष्ठभाग एका खास कुळातला असला पाहिजे, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. एखादी छेदाकृती अक्षावरून सरकवत न्यायची, जाता जाता ती लहान-मोठी होऊ द्यायची. जी वस्तू तयार होईल ती या कुळातली. सुरई, गाजर, घोड्याची मान, माणसाचा दंड सगळे यात बसतात. संगणकशास्त्रज्ञ थॉमस बिनफर्ड यांनी हेच आकार १९७१ मध्ये सोयीचे म्हणून सुचवले होते. ते सोयीपुरते नाहीत, डोळ्यांच्या गृहीतकांतूनच निघतात, असे मार यांनी दाखवले. काड्यांच्या प्राण्यांना गणिताचा आधार मिळाला तो इथून.

इथेही ती जुनी गोष्ट पुन्हा घडली. नेदरलँड्सचे भौतिकशास्त्रज्ञ यान कुंडरिंक यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की प्रतलाच्या त्या कडक गृहीतकाची गरजच नाही. बाह्यरेषा जिथे बाहेरच्या बाजूस फुगते तिथे पृष्ठभाग चेंडूसारखा फुगीर असतो. जिथे आत वळते तिथे तो घोड्याच्या खोगिरासारखा असतो. गुळगुळीत वस्तूसाठी हे नेहमीच खरे. मार यांनी बाह्यरेषेच्या अशा वळणांतून एवढे ठामपणे काही सांगता येत नाही, असे मानले होते. म्हणजे सावलीत त्यांना वाटले त्यापेक्षा जास्त माहिती होती. हे वाचायला ते नव्हते.

तीन पातळ्यांची गोष्ट

मार यांचे जे मत मेंदूविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज शिकवले जाते, ते आकारांबद्दल नाही. इटालियन शास्त्रज्ञ तोमासो पोज्जो यांच्याबरोबर काम करताना त्यांनी ते मांडले : माहितीवर प्रक्रिया करणारे कोणतेही यंत्र तीन पातळ्यांवर समजून घ्यावे लागते. दुकानातले बिल करणारे यंत्र घ्या. ते बेरीज करते. बेरीजच का, गुणाकार का नाही? कारण काहीच घेतले नाही तर काहीच पैसे पडू नयेत, वस्तू कोणत्याही क्रमाने ठेवल्या तरी रक्कम तीच यावी, आणि एकाच खरेदीची दोन बिले केली म्हणून एकूण खर्च बदलू नये. व्यवहाराच्या या अटींतून बेरीज आपोआप निघते. ही पहिली पातळी. दुसरी पातळी रीतीची : अंक दशमान की द्विमान, हातचा कसा न्यायचा. तिसरी, यंत्राच्या अंगाची : दातेरी चाके, चकत्या की मेंदूतल्या पेशी.

आधीचे मेंदूशास्त्रज्ञ तिसऱ्या पातळीवर होते, कार्यक्रम लिहिणारे दुसऱ्या. पहिलीकडे फार थोड्यांचे लक्ष होते. चित्रात आकाराची माहिती किती आहे, किती नाही आणि उरलेली कोणत्या गृहीतकाने भरून निघते, हा प्रश्न पहिल्या पातळीचा. माझ्या मते मार यांचे मोठेपण या एका आग्रहात आहे. अडीच मिती आणि काड्यांचे प्राणी त्यानंतर येतात.

हातात किती वेळ होता?

१९७७-७८ च्या हिवाळ्यात मार यांना तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ते ३३ व्या वर्षात होते. एमआयटीच्या मानसशास्त्र विभागात १९७७ मध्येच ते अध्यापक झाले होते, भोवती पोज्जो, शिमॉन उलमन, निशिहारा, हिल्ड्रेथ, एरिक ग्रिमसन असा तरुण गट जमला होता. सगळा सिद्धांत एकत्र मांडणारे पुस्तक लिहायचे हे मनात होते, पण काही वर्षांनी. ते आता लगेच लिहायला घ्यावे लागले.

उपचार चालू असतानाचा हा काळ त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात भरगच्च काळ आहे. निशिहारांसोबतचा आकारांवरचा लेख १९७८ चा, पोज्जोंसोबतचा दोन डोळ्यांच्या दृष्टीवरचा १९७९ चा, हिल्ड्रेथसोबतचा कडांवरचा १९८० चा. १९७९ मध्ये ते आणि पोज्जो कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये क्रिक यांच्याकडे महिनाभर राहिले. तिथे झालेल्या चर्चांची छाप पुस्तकाच्या शेवटच्या, संवादाच्या रूपात लिहिलेल्या प्रकरणावर आहे. शंका घेणारा विचारतो, लेखक उत्तर देतो. आजारी माणसाने घाईत लिहिलेल्या पुस्तकात आपल्याच सिद्धांताच्या उलटतपासणीला एक पूर्ण प्रकरण द्यावे, हे विशेष आहे. १९८० मध्ये त्यांना एमआयटीत कायम प्राध्यापकपद मिळाले. त्याच वर्षी लुचिया वाइना यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

सहकारी आणि विद्यार्थ्यांनी छपाईसाठी तयार केलेले ‘व्हिजन’ १९८२ मध्ये बाहेर आले. ते वाचताना एक गोष्ट जाणवते. कडा आणि दोन डोळ्यांवरची प्रकरणे तपशिलाने भरलेली आहेत. पूर्ण त्रिमितीय आकारावरचे प्रकरण त्यामानाने आखूड आणि बेताचे आहे. अडीच मितींवरून तीन मितींवर उडी नेमकी कशी मारायची, याचे चालणारे यंत्र त्यांच्या हातून झाले नाही.

पुढे काय झाले?

१९८७ मध्ये इर्व्हिंग बिडरमन यांनी सुमारे तीन डझन मूळ आकारांच्या जोडणीतून वस्तू ओळखण्याचा सिद्धांत मांडला; तो सरळ मार-निशिहारांच्या कुळातला. त्याच वर्षी सुरू झालेल्या संगणकीय दृष्टीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उत्तम शोधनिबंधाला मार पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पण १९९० मध्ये खुद्द पोज्जो यांनी शिमॉन एडेलमन यांच्यासोबत वेगळा सूर लावला. वस्तूची काही मोजकी दृश्ये साठवून ठेवली आणि नव्या दृश्याशी त्यांची तुलना केली, तर त्रिमितीय नमुना न बनवताही वस्तू ओळखता येते, असे त्यांनी दाखवले. खऱ्या फोटोंतून दंडगोल आणि अक्ष काढण्याचे प्रयत्नही फारसे यशस्वी होत नव्हते. २०१२ नंतर न्यूरल नेटवर्कचे युग आले. लाखो फोटो दाखवायचे, यंत्र आपले आपण शिकते. पायऱ्या कशाला, गृहीतके कशाला, असा सूर उमटू लागला. मार हे नाव बक्षिसापुरते राहते की काय, असे वाटण्याजोगी स्थिती होती.

मग एकाच फोटोवरून खुर्ची, मोटार, विमान यांचा पूर्ण त्रिमितीय आकार बनवणारी नेटवर्क आली. त्यांत २०१७ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी एक यंत्रणा सादर केली. फोटोवरून थेट आकार न काढता ती आधी दिसणाऱ्या पृष्ठभागाचा कल आणि खोली काढते, आणि त्यावरून पूर्ण आकार. म्हणजे अडीच मिती, मग तीन. तिचे नावच ‘मारनेट’.

अशा नेटवर्कना आकार खरोखर दिसतो का, हा प्रश्न २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठाच्या आणि इंटेलच्या संशोधकांनी ऐरणीवर आणला. त्यांनी साध्या तुलना केल्या. फोटोतली वस्तू ओळखायची आणि शिकताना पाहिलेल्या आकारांपैकी तिच्याशी जुळणारा जसाच्या तसा उचलून द्यायचा, एवढेच करणाऱ्या पद्धतीही या नामांकित नेटवर्कच्या तोडीस तोड निघाल्या. म्हणजे नेटवर्कनी खुर्चीचा आकार काढला असे म्हणण्यापेक्षा, खुर्ची ओळखली आणि एक खुर्ची आठवली, असे म्हणणे खरे ठरेल. टेबलाच्या उंचीवरच्या काळ्या डागाची आठवण यावी, असेच हे. रस्त्यावर पूर्वी कधी न दिसलेली वस्तू आडवी आली तर चालकविरहित मोटारीला आठवायला काही नसते. तिला ती वस्तू जशी आहे तशी दिसावी लागते.

याचे एक कारणही त्या अभ्यासात दिले आहे. या नेटवर्कना आकार वस्तूच्या ठरावीक अक्षावर बसवून शिकवला जात होता : प्रत्येक खुर्ची एकाच दिशेला तोंड करून. त्यामुळे आकार मोजण्यापेक्षा पाठ करणे सोपे पडत होते. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांच्या आणखी एका गटाने दोन्ही रीती शेजारी ठेवून तपासल्या होत्या. आकार पाहणाऱ्याच्या जागेवरून मांडायला शिकवलेले नेटवर्क, शिकताना कधीच न पाहिलेल्या प्रकारच्या वस्तूंवर जास्त चांगले काम करत होते. वस्तूच्या अक्षावरून शिकवलेले नेटवर्क मात्र ओळखीच्या वस्तूंवर सरस ठरले.